नॉर्वे तिला मिळालं

"कान सोड, तोंड बघ!"

हे म्हणताना ती आधी स्वतःच्या कानाला टिचकी मारायची, मग तेच बोट ओठांवर आणायची आणि मग तोंड एवढं उघडून 'ओपन' म्हणायची की पहिल्या बाकावरच्या पोराला तिची दाढ दिसायची. खोटं नाही सांगत. दाढेत चांदी भरलेली होती, ती पण दिसायची.

हे असं का, ते सांगते. भिवंडीत कामतघरला आमचा इंग्रजीचा क्लास होता. एक संस्था चालवायची, फुकट. फुकट म्हणून जागा पण तशीच. खाली लूमचा, म्हणजे कापड विणायच्या मागांचा कारखाना आणि वर पत्र्याखाली आमची खोली. खाली लूम चालू झाले की वर टेबलावरचा खडू आपोआप चालत चालत कडेला जायचा आणि पडायचा. तिथे कानानं काय शिकणार डोंबल! पण भिवंडीत कारखान्यातली माणसं तशीही कानानं बोलत नाहीत. ओठ बघतात, हात बघतात, आणि चार लूम पलीकडच्या माणसाशी लग्नातल्या जेवणाबद्दल आरामात गप्पा मारतात. तिनं तेच उचललं आणि इंग्रजीला लावलं.

शिकवणाऱ्या आम्ही दोघीच. सगळे तिला 'टीचर' म्हणायचे. आणि मला? 'छोटी मॅडम'. तेव्हापासूनच मला ती खुपायची, आता काय लपवायचं.

कारण बघा ना, मी ठाण्याला मामाकडे राहून कॉन्व्हेंटात शिकलेली. गाव अंबाडीच्या पुढे, आईवडील शेती करतात, पण माझं इंग्रजी एकदम चकाचक. ती कामतघरचीच. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत घर, आई दवाखान्यात आया, मोठ्या भावाचं नाक्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकून, नोकरी करत करत बी.ए. झालेली. माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठी. स्टूलला 'इस्टूल' म्हणायची, फिल्मला 'फिलम'. मी मनातल्या मनात लाल पेन घेऊनच बसलेली असायचे. आणि पोरं मात्र तिच्या वर्गात जागेसाठी भांडायची. माझ्या वर्गात दहावी-बारावीची मुलं होती, घरून पाठवलेली. तिच्या वर्गात लूमवाले. केसांत कापूस घेऊन, ड्युटीला जायच्या आधी, स्वतःहून आलेले.

एकदा मी न राहवून म्हटलं, "टीचर, इस्टूल नाही, स्टूल."

"बसता येतं ना त्याच्यावर?" ती म्हणाली. "मग बस."

अशी. म्हणजे वाद घालायला जावं तर ती आपल्याला खाली बसवून मोकळी.

तिची अजून एक गंमत म्हणजे थंडी. भिवंडीत कसली आलीय थंडी? डिसेंबरात जरा वारा सुटतो, बस. पण ही बाई दिवाळी संपली की स्वेटर काढायची. पुढे कानाला मफलर. मग हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घ्यायची आणि खडू बाहीतूनच धरायची. मी शेजारी पंख्याखाली.

"ए बारके, तो पंखा बंद कर, मी मरेन," असं ओरडायची. मला 'बारके' म्हणायची ती. मी बारीक म्हणून, की लहान म्हणून, मी कधी विचारलं नाही.

हे थंडीचं लक्षात असू द्या, कारण पुढे मला ह्याच्यावरून किती त्रास झालाय!

तर झालं असं. आमच्या संस्थेचे सेक्रेटरी काका एक दिवस जिना चढून धापा टाकत आले. म्हणाले, नॉर्वेमध्ये एक शाळा आहे, मोठ्या माणसांची, तिथेच राहायचं आणि शिकायचं अशी. दुसऱ्या देशांतून पळून आलेली माणसं पण तिथे असतात, त्यांना इंग्रजी शिकवायला एक शिक्षक हवाय. ती शाळा आपल्या संस्थेला मदत करते, म्हणून ह्या वेळी शिक्षक आपल्याकडून जाणार. एक वर्ष. राहणं, खाणं, विमान सगळं त्यांचं. पाहुणे येऊन दोघींचा एकेक तास बघतील आणि एकीला नेतील.

"एकीलाच?" मी विचारलं.

"एकीलाच," काका म्हणाले.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं मफलर नीट केला.

मी तर त्याच क्षणी नॉर्वेला पोचले होते! खरंच सांगते. शनिवारी गावी जाऊन आईला सांगितलं, आणि आईला सांगणं म्हणजे अंबाडीच्या बाजारात लाऊडस्पीकर लावणं. पुढच्या आठवड्यात गावातली बाई मला विचारत होती, "विमानात जेवाण देतात का गो?" मी तर बॅग पण घेतली. मोठी, लाल, चाकांची, भिवंडीच्या मंडईजवळून. निकाल लागायचा होता अजून! पण मला वाटलं, ह्यात लागायचंय काय? जिला भिवंडीत थंडी वाजते ती नॉर्वेला जाणार? आणि इस्टूल?

मी तर सेक्रेटरी काकांना जाऊन सांगितलं पण, "काका, टीचरना थंडी सोसत नाही हं. काळजी वाटते म्हणून सांगते."

काका म्हणाले, "तिकडे घरं गरम असतात म्हणे."

आता तिच्या वर्गाची एक पद्धत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. लूम चोवीस तास चालतो. एका लूमवर दोन माणसं, एक दिवसाच्या शिफ्टला, एक रात्रीच्या. एकमेकांचे जोडीदार. शुक्रवारी कारखाना बंद, आणि शनिवारपासून शिफ्ट उलटी. दिवसाचा रात्री, रात्रीचा दिवसा. आमचा क्लास संध्याकाळी, ड्युटी बदलायच्या आधी. म्हणजे त्या आठवड्यात ज्याची रात्रपाळी तोच येऊ शकणार. प्रत्येक पोराचा एक आठवडा बुडालेलाच.

ह्यावर तिनं नियम काढला होता. "लूम देताना धडा पण द्यायचा." ड्युटी बदलताना दोघं जोडीदार दोन मिनिटं लूमशेजारी उभे राहतात, कुठला धागा तुटतोय, कुठला लूम रुसलाय ते एकमेकांना सांगतात. तेव्हाच आज टीचरनं काय शिकवलं ते पण सांगायचं. चालू लूमच्या खटखटीत, ओठांनी! मला वाटायचं, हे कोण करतंय? पोरं हो हो म्हणतात आणि घरी जातात.

पाहुणे आले शनिवारी. एक उंच गोरी बाई आणि तिच्याहून उंच एक गोरा माणूस, दारातून येताना वाकून आला. पहिला तास माझा. मी आठवडाभर तयारी केलेली. तक्ते, चित्रं, सगळं. मुलांची उत्तरं पाठ. कुणी अडखळलं नाही. गोरी बाई हसून "व्हेरी नाइस" म्हणाली. मी मनात बॅगेचं कुलूप लावलं.

मग तिचा तास. तिनं पण तयारी घेतली होती, 'माझा दिवस' हा धडा, सकाळी उठतो, कामावर जातो, असा. ती जिन्यावर उभी राहून पोरांची वाट बघत होती. पोरं वर यायला लागली. आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"अगं बारके," माझा हात धरून ती म्हणाली, "शिफ्ट फिरली!"

तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. जिला सगळ्या कामतघरच्या शिफ्ट तोंडपाठ, ती पाहुण्यांच्या गडबडीत शुक्रवार विसरली! ज्यांच्याकडून धडा घोटून घेतला होता ती सगळी पोरं आता खाली लूमवर ड्युटीला. आणि वर आले होते त्यांचे जोडीदार, ज्यांना तिनं तो धडा शिकवलाच नव्हता.

मला काय झालं सांगू? मनात लाडू फुटले. एक नाही, ताटभर. तोंडावर मी म्हटलं, "अरेरे, आता?" पण आतून मी विमानात खिडकीची सीट शोधत होते.

ती आत गेली. एकदा मफलर काढला, पुन्हा घातला. मग तिनं एका पोराला उभं केलं. उत्तर प्रदेशचा, नारपोलीला खोलीत राहणारा, उंचापुरा, लाजाळू. ती त्याला म्हणाली, "टेल अस युअर डे." आणि मला एवढंच दिसलं की तिनं डोळे मिटले.

तो उभा राहिला. गोऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिला. मग मोठ्यानं, लूमवर ओरडतात तसं, म्हणाला, "आय गो वर्क इन इव्हनिंग. माय जोडीदार कम रूम. आय गेट अप. ही स्लीप." जरा थांबला. "सेम बेड, मॅडम. नेव्हर कोल्ड."

गोरी बाई खुर्चीत पुढे सरकली.

गोऱ्या बाईनं विचारलं, "हू टॉट यू धिस?"

त्यानं खाली जमिनीकडे बोट दाखवलं. "माय जोडीदार. ही स्पीक, आय सी."

"यू सी?"

"नो हिअर," त्यानं स्वतःच्या कानाला टिचकी मारली. "सी."

मग त्या बाईला खालीच जायचं होतं. पाहुणे, काका, टीचर, मी, सगळे कारखान्यात. तिथे चालू लूमपाशी वरच्या पोरानं खालच्या जोडीदाराशी ओठांनी इंग्रजी बोलून दाखवलं. व्याकरण नावाला नाही! क्रियापदं गळून पडलेली, 'द' कुठेच नाही. आणि ती गोरी बाई कानांवर हात ठेवून, डोळे मोठे करून त्यांच्या तोंडांकडे बघतेय आणि हसतेय, असं हसतेय की तिचा चष्मा कापसानं भरला तरी पुसायचं भान नाही. माझे तक्ते वर खोलीत पंख्यानं फडफडत होते.

मला तिथेच कळलं. पण माणूस आशा सोडतो का?

पुढच्या आठवड्यात काका पेढे घेऊन आले आणि बॉक्स उघडायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'बिचारी' म्हटल्यासारखं. त्या बघण्याचा मला आजही राग आहे.

संस्थेत हिशेब बघायला एक गृहस्थ यायचे. पेढा खाताना मला हळूच म्हणाले, "त्या लोकांचं बरं असतं. सगळीकडे नंबर लागतो."

मी इतकी भडकले! म्हटलं, "नॉर्वेत कसला नंबर लावतात हो? तुमच्यासमोर तास झाला ना?" त्यांनी दुसरा पेढा उचलला. मला तिची बाजू घ्यायची होती असं नाही हं. मी जळत होते, अगदी मनापासून जळत होते, पण ती माझी स्वतःची जळजळ होती. चांगली, शुद्ध. तिच्यात ह्यांची भेसळ कशाला?

आणि ती? ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली.

"जळतेस?"

"हो," मी म्हटलं.

"जळ. मी पण जळले असते. तू गेली असतीस ना, तर मी हा जिना काढून ठेवला असता, उतरू दिलं नसतं तुला." मग तिनं खाली टपरीवाल्याला खिडकीतून ओरडून दोन कटिंग सांगितले. "आता चहा पी, आणि मला ते इस्टूल शिकव."

म्हणजे बघा! नॉर्वे तिला, आणि उच्चार मी शिकवायचे. महिनाभर शिकवले. ती पेन्सिल दातांत धरून 'स्टूल, स्कूल, स्ट्रीट' करायची आणि मधेच ओरडायची, "ए बारके, हे 'इ' कुठं जातं गं? लहानपणापासून माझ्यासोबत होतं!" मला हसू यायचं आणि हसल्याचा राग यायचा.

जायच्या आधी चार दिवस म्हणाली, "ती तुझी लाल बॅग दे."

"माझी?"

"तुला कुठं जायचंय आत्ता? दादाची बॅग रेक्झिनची आहे, चेन बसत नाही."

दिली. काय करणार? बॅग नॉर्वेला गेली. मी नाही गेले.

निघायच्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिची आई ड्युटीवरून तशीच पांढऱ्या साडीत आलेली. भाऊ ग्रीसचे हात पुसत पुसत बॅग गाडीत ठेवत होता आणि माझ्या लाल बॅगेवर काळे डाग पाडत होता. लूमवाली पोरं जोडीदाराला लूम सोपवून धावत आली होती. ती सगळ्यांना ओरडून सांगत होती, "रडू नका रे, वर्षाचा तर प्रश्न आहे!" आणि स्वतः मफलरला नाक पुसत होती. मी रडले नाही. मी त्या गाडीच्या पुढच्या सीटकडे बघत होते. ती रिकामी होती. माझ्याएवढं माणूस सहज मावलं असतं.

मग माझ्याकडे तिचा पण वर्ग आला. पहिल्या दिवशी पोरं आली, बसली, आणि एकानं विचारलं, "छोटी मॅडम, टीचर कब आएँगी?" रोज विचारायचे. मी रोज म्हणायचे, "एक साल में." मी त्यांना 'द' शिकवला, क्रियापदं शिकवली. त्यांनी शिकून घेतली, माझ्यावर उपकार केल्यासारखी.

ती महिन्यातून एकदा फोन करायची, नाक्यावरच्या एसटीडी बूथवर. बूथवाला रस्त्यात उभा राहून ओरडायचा, "छोटी मॅडम! नॉर्वे!" अख्खं कामतघर वळून माझ्याकडे बघायचं, आणि ती दोन मिनिटं मला बरं वाटायचं. मग फोन कानाला लावला की जळायला सुरुवात.

"अगं बारके, इथं सूर्य मावळतच नाही! रात्री पडदे लावून अंधार करावा लागतो!"

"हो का."

"मासे खाऊन कंटाळले. तिखट नाहीच गं ह्यांच्यात."

"अरेरे."

"आणि इथं इतकं शांत आहे ना, मी वर्गात बोलले की तिसऱ्या इमारतीतून माणसं बघायला येतात. पहिल्या दिवशी एक बाई घाबरून रडायलाच लागली. तिच्या गावात लढाई चालू आहे म्हणे. मग मी तिला खाली बसवलं, तिचे हात धरले आणि नुसतं तोंड हलवून बोलले. आवाजच काढला नाही. ती बघत राहिली. मग तिनं पण तोंड हलवलं. 'ओपन' म्हणाली गं. पहिला शब्द."

मी ह्याला काय 'हो का' म्हणणार? तिकडे तिच्या फोनचा आकडा पळत असणार.

"ऐकतेस ना? थंडी विचारलीच नाहीस तू," ती म्हणाली.

"वाजते का?"

"मरणाची! पण घरं गरम असतात."

वर्ष संपायला आलं आणि शाळेनं तिला अजून तीन वर्षं थांबवून घेतलं. काकांनी सांगितलं की आता ह्यापुढे दुसरं कुणी जाणार नाही, त्यांना माणूस मिळालं. मी विचारलं पण नाही, काकाच म्हणाले. परत तसंच बघत. मग मधे ती एकदा आली होती म्हणे, आईच्या ऑपरेशनला, आठवडाभर. तेव्हा मी नेमकी मामाकडे लग्नाला. माझ्या टेबलावर चॉकलेटचा डबा ठेवून गेली. पोरांनी सांगितलं, टीचर 'स्टूल' म्हणतात आता, एकदम बरोबर. मला कसंतरीच झालं. चॉकलेटं मात्र मस्त होती, मी कुणाला दिली नाहीत.

आता हे शेवटचं सांगते आणि थांबते. गेल्या महिन्यात गावी गेले होते. आईनं अंबाडीच्या बाजारात पाठवलं, भाजी आणायला. वांगी विकणारी एक म्हातारी आहे, आईच्या ओळखीची. मला बघून उठूनच उभी राहिली.

"कवा आलीस गो?"

"आज सकाळीच."

"विमानानं?"

मी म्हटलं, "हां?"

"तुजी आय बोलली व्हती ना, पोर परदेशाला चाललीय इंग्रजी शिकवाया. लय दिस झालं, म्हटलं पोर आली का न्हाय." मग शेजारच्या मिरचीवालीला म्हणाली, "ही बघ, हीच ती."

मी तोंड उघडलं. न्हाय गो आजी, मी नाही गेले, दुसरी गेली, एवढंच सांगायचं होतं. पण दोघी तिघी जमल्या होत्या, आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"तिथं थंडी लय हाय?" मिरचीवालीनं विचारलं.

"लय," मी म्हटलं. "पण घरं गरम असतात."

"आन् खायाला?"

"मासं. तिखट न्हाय अजिबात. आणि उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळतच न्हाय."

"हॅ!" म्हातारी म्हणाली. "मंग गुरं घरी कवा येतात?"

सगळ्या हसल्या, मी पण हसले. मग मी सुटलेच. शांतता सांगितली, पडदे सांगितले, लढाईतून आलेली ती बाई सांगितली, कशी रडली, कसे हात धरले, कसा पहिला शब्द बोलली. मिरचीवालीनं पदर तोंडाला लावला. म्हातारी तराजू हातात धरून तशीच उभी. गिऱ्हाईक येऊन उभं होतं, त्याच्याकडे कुणी बघेना.

मग म्हातारीनं विचारलं, "आन् येवढ्या लांब एकटीच ऱ्हायलीस? भ्या न्हाय वाटला?"

"एकटी कशाला?" मी म्हटलं. "आमची टीचर होती ना सोबत."

"मंग ठीक हाय," म्हातारी म्हणाली, आणि वजन झाल्यावर वर एक वांगं टाकलं.